माणूस खरंच खाली उतरलेला होता

या वेळचं पत्र मराठवाड्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या सबस्टेशनवरून आलंय. लिहिणारा २६ वर्षांचा, आयटीआय इलेक्ट्रिशियन, स्विचयार्डात तिसरा हंगाम. नाव, तालुका, नदी, सगळं मी गाळलंय. पत्र थोडं छाटून देतो.

"काका, सा. न. वि. वि. आमच्याकडं ३३/११ केव्हीचं सबस्टेशन आहे. नदीवरच्या जॅकवेलला (पाणी उपसायच्या विहिरीला) ११ केव्हीची वेगळी लाइन गेलीय, साडेसहा किलोमीटर. जानेवारीत माझी पहाटे ४ ते १२ ची पाळी होती. सव्वापाचला जॅकवेल फीडर, म्हणजे हीच लाइन, अर्थ फॉल्टवर ट्रिप झाला. आपल्याकडून चौदाव्या पोलवर पिन इन्सुलेटर फुटलेला निघाला. लाइनमनने ६.४० ला परमिट (लाइनवर काम करायची लेखी परवानगी) घेतलं. मी ब्रेकर बंद करून आयसोलेटर (लाइन तोडून ठेवणारा स्विच) उघडला, बोर्ड लावला. ७.३५ ला शिफ्ट इंजिनिअरचा फोन आला, 'जॅकवेलच्या पंप ऑपरेटरने कळवलंय, माणसं खाली उतरलीत, लाइन चार्ज कर, चालू कर.' मी म्हणालो, लाइनमनने परमिट परत केलेलं नाही. लाइनमनचा फोन लागत नव्हता. मी लावत राहिलो. जॅकवेलवर जनरेटर लावून छोटा पंप चालू केला होता, पण बॉयलरला पाणी पुरेना, आणि मिल थांबवावी लागली. ८.०५ ला लाइनमन आला, सही केली, मी चार्ज केलं. गाळप सव्वा तास बंद होतं.

"काका, लाइनमन आणि त्याचा हेल्पर खरंच साडेसातलाच खाली उतरले होते. टपरीवर चहा पीत होते. फोनची बॅटरी उतरलेली. सगळे मला हसतात. 'कायदेपंडित' म्हणतात. मला मेमो मिळालाय, उत्पादनाचं नुकसान केलं म्हणून. माझे चुलते सभासद आहेत, त्यांची उसाची ट्रॉली त्या दिवशी गव्हाणीपुढं उभी होती, तेही बोलले. माझं चुकलं का? बायको म्हणते हे काम सोडा. गावाजवळच्या वीज कंपनीच्या सबस्टेशनवर कंत्राटदाराकडून ऑपरेटर घ्यायलेत. जाऊ का?"

बाबा,

चार्ज केलं नाहीस, ते बरोबर केलंस. बाकी तीन गोष्टी चुकल्यात, त्यावर पुढं बोलतो आणि सोडणार नाही. पण आधी तुझ्या मनात जे रुतून बसलंय ते काढू. माणूस खाली उतरलेला होता, मग माझं थांबणं फुकट गेलं, असं तुला वाटायलंय.

तुझ्याच पत्रातला हिशोब बघ. पोल चौदावा, कारखान्याकडून. साठ-सत्तर मीटरचा गाळा धर, म्हणजे पोल तुझ्यापासून जेमतेम एक किलोमीटर. जॅकवेल तिथून आणखी पाच-साडेपाच किलोमीटर पुढं. जानेवारीतली सकाळ, नदीकाठचं धुकं. पंप ऑपरेटरला तिथून चौदाव्या पोलवर माणूस आहे की घार बसलीय, ते दिसणं शक्य नाही. म्हणजे त्यानं पाहिलेलं नाही, कुणीतरी सांगितलेलं. हेल्परनं केला असेल फोन, 'झालंच आपलं, येईल आता लाइट.' ते ऑपरेटरकडं गेलं, तिथून इंजिनिअरकडं, तिथून तुझ्याकडं. 'झालंच आपलं' याचं तुझ्यापर्यंत येईस्तोवर 'माणसं खाली उतरलीत' झालं. या वेळी निरोप खरा निघाला, बस. हेल्पर हे बोलला तेव्हा जंपर (तारा जोडणारा तुकडा) आवळायचा राहिला असता तरी निरोप शब्दाला शब्द असाच आला असता. तुला पॅनलसमोर उभं राहून या दोन निरोपांतला फरक कसा कळणार होता? परमिटचा कागद त्यासाठीच असतो. ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं. इंजिनिअरनं नाही, पंपवाल्यानं नाही, चेअरमननं तर नाहीच.

आणि 'कायदेपंडित' म्हणतात तर म्हणू दे. १९५६ चे जुने विद्युत नियम घे, २०१० चे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे घे की आत्ताचे २०२३ चे घे, लाइनला हात लावायच्या आधी ती बंद करून, अर्थ करून, म्हणजे जमिनीला जोडून घ्यायची, हे तिन्हींत आहे. अपघात झाला की वीज कायदा २००३ च्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षक चौकशीला येतो. तो आधी परमिट बुक मागतो, मग लॉगबुक. गाळप किती झालं हे तो विचारत नाही.

माझी एक गोष्ट सांगतो, कधी लिहिली नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ ला भूकंप झाला तेव्हा मी औशाकडच्या एका सबस्टेशनवर रात्रपाळीला होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, गाव नुकतंच झोपलेलं. आधी आवाज आला, मग खिडकीची तावदानं, मग पॅनलवरचे सगळे फ्लॅग, म्हणजे रिले पडल्याच्या खुणा, एकदम. मेन ट्रान्सफॉर्मर बुकोल्झ रिलेवर ट्रिप. बुकोल्झ म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पोटात काही जळलं, वायू झाला, तर पडून ट्रान्सफॉर्मर बंद करणारा रिले. मी बॅटरी घेऊन यार्डात गेलो, रिलेच्या काचेत बघितलं, तर वायूचा बुडबुडासुद्धा नाही. तेव्हाच्या रिलेत पाऱ्याचा स्विच असायचा. जमीन हलली, पारा हलला, रिले पडला. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होता. अर्ध्या तासात गेटवर माणसं जमली. भिंती पडल्यात, माणसं आत आहेत, अंधारात काही दिसेना, लाइट द्या. कुणी हात जोडले, कुणी शिव्या घातल्या. मी फीडर टाकला नाही, म्हणजे चालू केला नाही. ट्रान्सफॉर्मर चांगला होता हे मला कळलं होतं, पण तारा कुठं पडल्यात आणि त्या तारांवर कोण चढून दगड उचलतंय, हे कळायला मार्ग नव्हता. उजाडल्यावर लाइनमन चालत फिरला. दोन ठिकाणी तार रस्त्यावर आडवी होती. पण ती माणसांच्या जागी नव्हती. म्हणजे टाकला असता तरी कदाचित कुणाला काही झालं नसतं. गावानं मला ते वर्षभर ऐकवलं. मी आजही त्या माणसांना चूक म्हणत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही गेट तोडायला निघालो असतो.

असो. आता तुझ्या चुका.

पहिली. तीस मिनिटं तू फोन लावत बसलास. पोल एक किलोमीटरवर. गेटवर सिक्युरिटीवाला, त्याच्याकडं मोटारसायकल. त्याला ७.३६ ला पाठवलं असतंस तर ७.४५ ला लाइनमन तुझ्यासमोर असता आणि मिल कदाचित थांबलीच नसती. 'नाही' म्हणणं हे तुझं काम, आणि 'नाही' म्हटल्यावर ते लवकरात लवकर 'हो' कसं होईल हे बघणंही तुझंच काम. इंजिनिअरला सरळ म्हणायचं होतं, 'साहेब, परमिटशिवाय टाकत नाही, पण गाडी पाठवा, पाच मिनिटांत सही आणतो.' अर्ध्या भांडणाची हवा तिथंच गेली असती. अर्थात, त्या अर्ध्या तासातला मोठा वाटा लाइनमनचा आहे. आधी परमिट, मग चहा. फोन उतरला होता तर हेल्परला पाठवायचं. मेमो त्याला का नाही, हा प्रश्न मलाही पडलाय, पण तू तो विचारू नकोस. उद्या तोच माणूस तुझ्या शब्दावर पोलवर चढणार आहे. त्याच्याशी वैर परवडत नाही.

दुसरी. लॉगबुक. परमिटची नोंद परमिट बुकात आहे, पण ७.३५ च्या फोनची नोंद कुठंच नाही, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. कुणी फोन केला, काय शब्द वापरले, तू काय उत्तर दिलंस, वेळ. दोन ओळी. तेव्हाच, त्याच पेनानं. आता मागून लिहू नकोस. दोन ओळींच्या मधे कोंबलेली नोंद लांबून ओळखू येते आणि मग तुझ्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. यापुढं पाळी बदलताना चालू परमिट लाल पेननं लिहायचं आणि येणाऱ्या माणसाला पॅनलपाशी नेऊन बोट ठेवून दाखवायचं. परमिटचे घोटाळे मी पाहिले ते बहुतेक पाळी बदलतानाचे.

मेमोचं उत्तर मात्र लगेच दे. रागानं नको, रडून नको. असं लिही:

"दि. … रोजी सकाळी ६.४० वाजता जॅकवेल फीडरचे परमिट क्र. … लाइनमन श्री. … यांना देण्यात आले. ७.३५ वाजता फीडर चार्ज करण्याची तोंडी सूचना मिळाली, त्या वेळी परमिट परत झालेले नव्हते. ८.०५ वाजता परमिट स्वाक्षरीनिशी परत मिळाल्यावर फीडर चार्ज करण्यात आला. परमिट परत होण्यापूर्वी फीडर चार्ज करावा असे व्यवस्थापनाचे धोरण असल्यास तसा लेखी आदेश मिळावा, ही विनंती."

शेवटचं वाक्य गाळू नकोस. असा आदेश कुणी लिहून देत नाही. पोच घे, झेरॉक्स घरी ठेव.

चुलत्यांचं बोलणं तुला जास्त लागलेलं दिसतंय. सहकारातली हीच गंमत आहे. कंपनीत मालक मुंबईत बसतो, सहकारात तो तुझ्या शेजारी पंगतीला बसतो. नगर जिल्ह्यात श्रीरामपूर-राहुरीकडं मुळा-प्रवरा म्हणून सहकारी वीज संस्थाच होती, २०११ पर्यंत गावोगाव वीज देत होती. म्हणजे ज्याच्या विहिरीवरची मोटर बंद पडली तोच संस्थेचा मालक. अशा ठिकाणी ऑपरेटरला किती चुलते असतील, विचार कर. तुझ्या चुलत्यांचा रागही खोटा नाही. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजन घटतं, तोडणीवाले खोळंबतात, गाडीवाला कुरकुरतो. त्यांना परमिट समजावत बसू नकोस. एकदा यार्डाच्या कुंपणाबाहेर उभं करून तो चौदावा पोल दाखव आणि विचार, 'तिथं तुमचा पोरगा असता तर?' एवढ्यावर ते गप्प बसतील. नाही बसले तर पुढच्या हंगामापर्यंत विसरतील.

तो इन्सुलेटर का फुटला असेल, ते कुणी बघितलं का? धुराडं एक किलोमीटरवर. बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख दोन महिने इन्सुलेटरवर बसते, पहाटे दव पडतं, ओली राख वीज वाहू लागते. ट्रिपिंग पहाटेच झालं, त्यामुळं माझा संशय तिकडंच जातो. धुराड्याची राख वाऱ्यानं जिकडं जाते तिकडच्या पंधरा-वीस पोलांचे इन्सुलेटर हंगामात एकदा तरी पुसून घ्यायला लावा. शटडाउन ठरवून घेतलं तर दोन तास जातात, असं आपसूक आलं तर काय होतं ते तुम्ही बघितलंत.

आता नोकरीचं. कंत्राटदाराकडं जाऊ नकोस. इथं निदान हाक मारली तर माणूस येतो. तिथं रात्रपाळीला तू एकटा, आठ-नऊ फीडर, शेतीच्या लाइनचं वेळापत्रक, आणि गेटवर आलेल्या शेतकऱ्याला 'वरून बंद आहे' म्हणून सांगायचं. पगारही कंत्राटदाराच्या मर्जीवर. महावितरणच्या विद्युत सहायकाची भरती निघाली तर जरूर भर, ते वेगळं. आणि ऑफ सीझन वाया घालवू नकोस. लोक म्हणतात हंगामात काम शिकतात. हंगामात फक्त रीडिंग शिकतात. सबस्टेशन शिकायचं ते मे महिन्यात, ब्रेकर उघडल्यावर, ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासताना, गुलाबी पडलेली सिलिका जेल भाजून निळी करताना. बायकोला सांग, भीती बरोबर आहे, पण भिऊन सोडणाऱ्याच्या जागी न भिणारा येतो, आणि लाइनमनच्या बायकोला ते परवडत नाही.

तिसरी चूक शेवटी ठेवली, कारण ती वाचून मी खुर्चीतून उठलो. तू लिहितोस, ब्रेकर बंद केला, आयसोलेटर उघडला, बोर्ड लावला. अर्थ केल्याचं लिहिलेलंच नाही. लिहायचं राहिलं असेल तर ठीक. पण त्याच पत्रात पुढं सहज लिहितोस, जॅकवेलवर जनरेटर लावला होता. कुणाला विचारून? लाइनवर माणूस असताना?

जॅकवेलच्या ट्रान्सफॉर्मरवर ११,००० व्होल्ट येतात आणि ४३३ होऊन खाली जातात. खालून ४३३ दिले तर तोच ट्रान्सफॉर्मर ते ११,००० करून लाइनवर वर पाठवतो. त्याला कळत नाही वीज कुठून आली. मधे फक्त चेंजओव्हर स्विच, लाइन नाहीतर जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा. तो धड असेल तर काही होत नाही. पण जॅकवेलसारख्या ओल्या जागी, गंजलेल्या पेटीत, पंप ऑपरेटरनं कुठंतरी 'तात्पुरती' वायर जोडलेली मी स्वतः दोन ठिकाणी पाहिलीय. त्या दिवशी तुझा ब्रेकर बंद होता, आयसोलेटर उघडा होता, बोर्ड लावलेला होता, आणि चौदाव्या पोलवरच्या माणसाला वीज मागून, नदीकडून आली असती. तू पॅनलसमोर परमिट सांभाळत बसला असतास.

म्हणून परमिट देताना आधी जॅकवेलला फोन. तिथल्या ट्रान्सफॉर्मरचा एबी स्विच (लाइनपासून तोडणारा स्विच) उघडून कुलूप, किल्ली लाइनमनच्या खिशात. जनरेटर लावायचा असेल तर हे झाल्यावरच, आणि ते परमिटवर लिहायचं. कामाच्या जागी पोलच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड, म्हणजे तार जमिनीला जोडणारे दांडे. आधी जमिनीकडचा क्लॅम्प, मग तार. काढताना उलट, आधी तार, मग जमीन. तुमच्याकडं काळी माती. पाऊस संपून दोन-तीन महिने झाले की वरचा थर भेगाळतो, रॉडचा जमिनीत ठोकलेला खिळा नुसता हवेत उभा राहिल्यासारखा असतो. लाइनमनला पाण्याचा कॅन द्या, खिळा ठोकल्यावर बुडाशी ओतायचा. दुसरी ३३ केव्हीची लाइन बाजूनं समांतर जात असेल तर बंद लाइनवरही इंडक्शन येतं, म्हणजे न जोडताच वीज उतरते, त्यालाही हाच उपाय. रॉड किती लावले तो आकडा परमिटवर, परत आल्यावर तेवढेच मोजायचे.

मेमोचं उत्तर उद्या दिलंस तरी चालेल. जॅकवेलची ती चेंजओव्हरची पेटी आज उघडून बघ. एकटा जाऊ नकोस, त्या लाइनमनलाच सोबत घे. आणि आत काय दिसलं ते मला कळव.